वूफर आहे, अँप आहे, मग बेस जातो कुठे?

डिक्कीत बारा इंची वूफर (बेसचा मोठा स्पीकर), अँपवर (अँप्लिफायरवर) चार आकडी वॉट छापलेले, आणि तरी ड्रायव्हरच्या सीटवर बेस पोचत नाही. अशा वेळी बहुतेक जण थेट मोठा अँप घ्यायला निघतात आणि दुकानदारही कशाला अडवेल? पण हिशेब वेगळा आहे. अँपची ताकद दुप्पट केली, १५० वॉटचे ३०० वॉट केले, तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे कानाला 'जरासा वाढला' इतपत. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल हवेत आणि त्यासाठी वॉट लागतात दहापट. उलट एखादी वायर उलटी लागलेली असते, एखादा स्विच चुकीच्या बाजूला असतो, पेटीला फट असते. यातल्या काही गोष्टींत दहा-दहा डेसिबलही जातात. म्हणून तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू करायची, अँप सगळ्यात शेवटी.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक उदबत्ती, आणि फोनमध्ये ३०, ४०, ५०, ६० आणि ८० हर्ट्झचे टेस्ट टोन, म्हणजे एकाच सुराचे सलग आवाज. काही चाचण्या इंजिन चालू ठेवून करायच्या आहेत. त्या टॉवरच्या बेसमेंट पार्किंगमध्ये करू नका, एक्झॉस्टचा धूर तिथे साठतो. उघड्या जागेत गाडी लावा, आणि शक्यतो दिवसा, नाहीतर वॉचमन येईलच.

आधी कुठला सूर हरवतोय ते ऐका

स्टिरिओचा इक्वलायझर सपाट करा, बेस बूस्ट आणि लाउडनेस बंद करा, आवाज मध्यम ठेवा आणि टोन एकेक करून वाजवा. सगळेच टोन दुबळे असतील तर दोष वायरिंगचा, अँपवरच्या गेन नॉबचा किंवा वूफर एकमेकांच्या विरुद्ध हलण्याचा. ५०-६० ठीक पण ३०-४० गायब, तर पेटी, सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) किंवा वूफरचा आकार बघायचा. ६० छान आणि ८० ला खड्डा पडत असेल, तर वूफर आणि दाराचे स्पीकर जिथे एकमेकांना भेटतात तिथे गडबड आहे.

गाणंही तपासा. जुन्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये ४० हर्ट्झच्या खाली फारसं काही नसतंच, तिथे वूफर बिचारा काय वाजवणार? शिवाय फोनच्या म्युझिक अॅपमध्ये स्वतःचा इक्वलायझर असतो, तो कधीतरी चालू करून आपण विसरून गेलेलो असतो.

गाडी उभी असताना बेस दणदणीत आणि धावायला लागली की पातळ, अशी तक्रार असेल तर सिस्टिम कदाचित ठणठणीत आहे. टायर आणि रस्ता मिळून जो घुमारा करतात तो बराचसा बेसच्याच पट्ट्यात असतो. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर ऐंशीच्या वेगात तो घुमारा वूफरला झाकून टाकतो. काच खाली केली तर आणखी नुकसान, कारण बंद केबिनमध्ये खालच्या सुरांना जो दाब मिळतो तो काच उघडताच निघून जातो.

उलटी वायर: सगळ्यात जास्त बेस खाणारी चूक

५० हर्ट्झच्या सुराची लांबी हवेत जवळपास ७ मीटर असते. गाडीच्या मानाने ती इतकी मोठी आहे की दोन वूफरपैकी एक बाहेर ढकलत असताना दुसरा आत ओढत असेल, तर दोघं एकमेकांची हवा मारून टाकतात. दोन्ही वूफरचे कोन, म्हणजे पुढचे हलणारे पडदे, जोरात हलताना दिसतात, हात लावला तर थरथर जाणवते, आणि बेस मात्र नाही. हे दृश्य दिसलं की पहिला संशय यावरच घ्यायचा.

खात्री करायला अँपकडून येणारी स्पीकरची वायर आधी सोडवा. मग ९ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस वूफरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. कोन बाहेर उडी मारतो. आत गेला तर कुठेतरी अदलाबदल झालीय. पेटीच्या मागच्या टर्मिनलवर लाल-काळा बरोबर असला तरी आतली वायर उलटी असू शकते, म्हणून चाचणी बाहेरच्या टर्मिनलवरूनच घ्या आणि कोनाकडे बघा.

दुहेरी कॉइलच्या (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांच्या) वूफरमध्ये हीच चूक एकाच वूफरच्या पोटात होते. एक कॉइल सुलटी, दुसरी उलटी. दोघी एकमेकींशी भांडतात, कोन जेमतेम हलतो आणि अँपने दिलेली सगळी ताकद उष्णता होऊन कॉइल भाजते. असं दिसलं तर पुढे वाजवत बसू नका.

तिसरा प्रकार सापडायला सगळ्यात अवघड. कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून मागच्या स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घेतलेला असतो. मोनो अँप डाव्या-उजव्या चॅनलची बेरीज करून वूफरला देतो. रेकॉर्डिंगमध्ये बेस बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखाच असतो. आता जोडताना एका बाजूच्या प्लस-मायनसची अदलाबदल झाली की बेरजेची वजाबाकी होते आणि नेमका बेसच वजा होतो. चाचणी दहा सेकंदांची आहे. गाणं चालू असताना बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या. बेस कमी होण्याऐवजी वाढला, तर दोष इथेच. त्या एका बाजूच्या दोन वायरी उलटवल्या की काम झालं.

वूफर आणि दाराच्या स्पीकरचाही मेळ बघायचा. ८० हर्ट्झचा टोन लावून ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी अँपवरचा फेज स्विच ० वरून १८० वर करायला सांगा. ज्या बाजूला आवाज मोठा, तीच बाजू बरोबर. स्विच नसेल तर आवाज बंद करून वूफरच्या दोन वायरी अँपवर उलटवून ऐका.

फिल्टर आणि सेटिंग

एलपीएफ, म्हणजे वरचे सूर अडवणारा अँपवरचा फिल्टर, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. स्टिरिओमध्येही असाच फिल्टर असतो आणि दोन्हीकडे ८० लावला की एकावर एक बसून वूफरचा वरचा भाग जास्तच कापला जातो. एकच वापरा, दुसरा पूर्ण उघडा ठेवा. वूफर ५० ला थांबतो आणि दारातले स्पीकर १२० पासून सुरू होतात, अशी मांडणीही खूप गाड्यांत सापडते. मधली जागा रिकामी, आणि ढोलाचा ठोका नेमका त्याच रिकाम्या जागेत पडतो.

सबसॉनिक फिल्टरकडे कुणी बघत नाही. पोर्ट (हवा जायची नळी) असलेल्या पेटीत तो पोर्ट ज्या सुराला जुळवलाय त्यापेक्षा थोडा खाली, साधारण २५ ते ३० हर्ट्झवर असावा, बंद पेटीत सगळ्यात खाली. अँप बसवताना तो नॉब चुकून ५० वर फिरला असेल तर खालचा सगळा बेस तिथेच अडतो. आणि अँपवरचा सरकता स्विच एचपीएफवर (खालचे सूर अडवणाऱ्या फिल्टरवर) असेल तर वूफरला बेस सोडून बाकी सगळं मिळतं. हसू नका, होतं असं.

स्टिरिओच्या मेनूत सबवूफर आउटपुट चालू आहे का आणि त्याची लेव्हल किती आहे तेही पाहा. आरसीए केबल (स्टिरिओकडून अँपला सिग्नल नेणारी) मागच्या स्पीकरच्या आउटपुटला लावलेली असेल तर फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधला तोल) पुढे केला की वूफर झोपतो.

कंपनीच्या बऱ्याच स्टिरिओंमध्ये आवाज वाढवला की बेस आपोआप कापला जातो, दारातले छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून. खूण अशी: १० वर बेस मस्त, २५ वर पातळ. इथे गेन वाढवून काही होत नाही. कापलेला बेस परत भरून देणारा प्रोसेसर लावावा लागतो किंवा स्टिरिओ बदलावा लागतो.

गेन म्हणजे आवाजाचा नॉब नव्हे

स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अँपची क्षमता यांची जुळणी करणं एवढंच गेनचं काम. कमी ठेवला तर अँप अर्धा झोपलेला राहतो, जास्त केला तर सिग्नलची टोकं छाटली जातात आणि कॉइल जळते. कानाने जुळवण्यापेक्षा मीटरने जुळवा.

वूफरची वायर अँपपासून सोडवा. बेस बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट, इंजिन चालू. स्टिरिओचा आवाज पूर्णच्या तीन चतुर्थांशावर आणि ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा, म्हणजे पूर्ण ताकदीने रेकॉर्ड केलेला, टोन लावा. मुद्दाम ५० हर्ट्झ, कारण घरातली वीजही ५० हर्ट्झचीच असते आणि स्वस्तातला मीटरही तिथे बऱ्यापैकी खरं बोलतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या स्पीकर टर्मिनलला लावा. किती व्होल्ट हवेत? वॉट गुणिले ओहम (वूफरचा विजेला होणारा अडथळा), आणि त्याचं वर्गमूळ. १५० वॉट आणि ४ ओहमला २४.५ व्होल्ट, २५० वॉट आणि २ ओहमला २२.४, ३०० वॉट आणि ४ ओहमला ३४.६. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत त्या आकड्यावर थांबा. गेन पूर्ण फिरवूनही आकडा अर्ध्यावर अडकला, तर सिग्नलच कमजोर आहे. आरसीए केबल, स्टिरिओची सब-लेव्हल आणि जोडणी बघा.

इथे वॉट म्हणजे आरएमएस वॉट, सलग देता येणारी खरी ताकद. पेटीवर छापलेले २००० वॉट विसरा. अँपवरच्या फ्यूजवरून खरा अंदाज येतो. फ्यूजचे अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट, अँपचा प्रकार क्लास डी असेल तर त्याचे ७५ ते ८० टक्के, क्लास एबी असेल तर ५० ते ६० टक्के. २० अँपिअरचा एक फ्यूज असलेला क्लास एबी अँप म्हणजे जेमतेम दीडशे वॉट, वर स्टिकर काहीही असो.

ओहमचं गणित

४ ओहमच्या दोन कॉइल असलेला वूफर समांतर जोडला तर २ ओहम, ओळीने जोडला तर ८. बहुतेक मोनो अँप ८ ओहमला २ ओहमच्या जेमतेम पाव ताकद देतात, म्हणजे ६ डेसिबल गेले. एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडलेलीही सापडते. मीटर ओहमवर ठेवून पेटीच्या टर्मिनलवर मोजा. ४ ओहमची कॉइल ३.२ ते ३.८ दाखवते, समांतर जोडी १.६ ते १.९. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा. ३.५ दिसलं आणि तुम्हाला समांतर जोडी अपेक्षित होती, तर एक कॉइल तुटलीय किंवा तिची वायर निघालीय.

उलट बाजूने, २ ओहमच्या दोन कॉइल समांतर केल्या की १ ओहम होतो, जो बऱ्याच अँपना झेपत नाही. चार चॅनलचा अँप ब्रिज करून (दोन चॅनल एकत्र जोडून) वापरत असाल तर साधारण ४ ओहमच्या खाली जाऊ नका. झेपत नसलं की अँप तापतो, प्रोटेक्शनचा दिवा लागतो, थोड्या वेळाने परत चालू होतो. मे महिन्यात सीटखाली गालिचाने झाकलेला अँप हाच खेळ वायरिंग बरोबर असतानाही करतो, त्याला हवा लागू द्या.

पावसाळा, खाडीची हवा आणि पॉवरची वायर

ठाण्यात आणि नवी मुंबईत बेस हळूहळू उतरत जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अर्थिंग, अँपचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणारी वायर. दमट, खारट हवेत उघड्या पत्र्यावर कसलेला थिंबल (वायरच्या टोकाचं कडं) गंजतो, आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी स्क्रू सैल होतात. अर्थिंगची वायर दीड फुटापेक्षा लांब नको, पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा, थिंबल नटबोल्टने घट्ट कसा आणि वरून ग्रीस किंवा रंगाचा हात मारा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीही सोडू नका. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठतंय का तेही बघा. बऱ्याचदा टर्मिनल तिथूनच ओलं होतं.

मोजायचं कसं? ५० हर्ट्झचा टोन थोड्या मोठ्या आवाजात, वूफर जोडलेला, मीटर डीसी व्होल्टवर. एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी अँपच्या ग्राउंड टर्मिनलवर. पिनेला लांब वायर जोडावी लागेल. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. तसंच बॅटरीचा प्लस ते अँपचा प्लस मोजा, तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नको. ८ गेजची ५ मीटर तांब्याची वायर ५० अँपिअरला साधारण अर्धा व्होल्ट खाते. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर त्याच जाडीत ०.८ च्या आसपास खाते. स्वस्त वायरिंग किटमध्ये हीच असते. चाकूने एक तार खरवडली की आत पांढरी दिसते. बॅटरीजवळच्या फ्यूज होल्डरमध्येही गंज किंवा वितळलेलं प्लास्टिक शोधा. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा आणि त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा टाकायचा नाही. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीचा मायनस काढा.

बॅटरीवर इंजिन बंद असताना १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. माजिवड्याच्या सिग्नलला एसी, वायपर, हेडलाइट सगळं चालू आणि इंजिन आयडलवर, तेव्हा हा आकडा उतरतो. पण घाबरून दुसरी बॅटरी घेऊ नका: १४.४ वरून १२ ला आलं तरी अँपची ताकद तिसऱ्या हिश्शाने कमी होते, म्हणजे दीड-पावणेदोन डेसिबल. सिग्नलला बेस पार नाहीसाच होत असेल तर तो अँप कमी व्होल्टेजमुळे स्वतःला बंद करतोय. तेव्हा वर सांगितलेली घट मोजा आणि बॅटरीचं वय बघा.

पेटी

रेडिमेड स्वस्त पेट्या पार्टिकल बोर्डच्या असतात. एक पावसाळा झाला की बोर्ड फुगतो, सांधे सुटतात, आणि वरच्या गालिचामुळे ते दिसत नाही. बंद पेटीतून हवा गळली की बेस ढिला पडतो. ३० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात लावा आणि पेटवलेली उदबत्ती सांध्यांजवळून, टर्मिनलच्या कपाजवळून आणि वूफरच्या कडेने सावकाश फिरवा, कोन आणि गालिचापासून जरा अंतर राखून. जिथे धूर थरथरतो तिथे फट. आतून लाकडाचा गोंद किंवा सिलिकॉन भरा, आणि सिलिकॉन पूर्ण २४ तास वाळू द्या. ओल्या सिलिकॉनची वाफ वूफरच्या कडेला आणि चिकटवलेल्या भागांना चांगली नाही. बोर्ड फुगलाच असेल तर १८ मिलिमीटर एमडीएफची नवी पेटी करा.

माप सुताराला आतलं सांगा. बाहेरून २०×१४×१४ इंचाची पेटी १८ मिलिमीटर बोर्डात आतून साधारण १८.६×१२.६×१२.६ उरते, म्हणजे १.७ घनफूट, सुमारे ४८ लिटर. वूफरच्या चुंबकाने आणि टोपलीने (सांगाड्याने) अडवलेली जागा त्यातून वजा. बारा इंची वूफरला बंद पेटीत साधारण १ ते १.२५ घनफूट आणि पोर्टवाल्या पेटीत १.७५ ते २.२५ लागतं, पण शेवटचा शब्द वूफरसोबतच्या कागदाचा. बंद पेटी फार लहान झाली की खालचा बेस मरतो. पोर्टचं माप चुकलं की एकच सूर घुमतो आणि बाकीचे गप्प.

पेटी फिरवून बघायला पैसे लागत नाहीत. हॅचबॅकमध्ये वूफरचं तोंड मागच्या दाराकडे ठेवा, मग पेटी चार-सहा इंच पुढे-मागे सरकवून ६० हर्ट्झवर पुढच्या सीटवरून ऐका, फरक थक्क करणारा असतो. सेडानमध्ये डिक्की आणि केबिन यांच्यात सीटची भिंत असते, तिथे मागच्या सीटचा मधला हातटेका उघडून ऐका. बेस एकदम वाढला तर आवाज डिक्कीतच अडकतोय.

सीएनजी गाड्यांचं वेगळं. ६० लिटरचा सिलिंडर डिक्की खाऊन टाकतो, म्हणून सीटखालचा आठ इंची अॅक्टिव्ह (आतच अँप असलेला) वूफर येतो. त्याच्याकडून ३० हर्ट्झची अपेक्षा ठेवू नका: एक सप्तक खाली त्याच जोरात वाजवायला चौपट हवा हलवावी लागते आणि तेवढा पल्ला त्या पातळ डब्यात नसतो. एलपीएफ ८० ते १०० वर ठेवला तर तो ठोक्याला चांगली साथ देतो. सिलिंडरच्या ब्रॅकेटमध्ये किंवा गॅसच्या नळीजवळ स्क्रू मारायचा नाही आणि व्हॉल्व्ह हाताला लागेल इतकी जागा मोकळी हवीच.

दार आणि वूफरचा कोन

पॉवर विंडोचं काम झाल्यावर बेस पातळ झाला असेल तर दाराचं पॅनल उघडा. आतलं पाणी अडवणारं प्लास्टिक फाडून मेकॅनिकने तसंच सोडलेलं असतं. त्या भोकातून स्पीकरच्या मागची हवा पुढच्या हवेला भेटते आणि ठोक्यातला वजनदार भाग गळतो. भोकं ब्युटिलच्या (चिकट रबराच्या) शीटने बंद करा, पण दाराच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रं सोडून.

शेवटी वूफर स्वतः. सिस्टिम बंद करून दोन्ही तळहातांनी कोन समान दाबा. खरखर झाली तर कॉइल वाकलीय किंवा जळालीय. जळका वास येतोच. कडेचा फोम भुसभुशीत झाला असेल किंवा कोनाकडे जाणारी विणलेली तार तुटली असेल तर रीकोनिंगवाल्याकडे (कोन-कॉइल नवे बसवून देणाऱ्याकडे) काम होतं. हे सगळं ठीक निघालं आणि तरी कमी वाटत असेल, तर खर्च करायला हरकत नाही, पण तेव्हाही एकट्या अँपवर नको. तसाच दुसरा वूफर, त्याला तेवढीच पेटीतली जागा आणि दुप्पट वॉट मिळून ६ डेसिबल देतात. फक्त अँप वाढवून त्यातले ३ च मिळाले असते, आणि तेही जुन्या कॉइलच्या जिवावर.